जाळरेषा कशी काढावी: दिवाळीनंतरच्या कापणीपासून मृगाच्या पावसापर्यंत

जंगलाला वणव्यापासून वाचवण्यासाठी गावं दरवर्षी जाळरेषा काढतात, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा आधीच जाळून उघडी केलेली पट्टी, आणि त्यातल्या बऱ्याच रेषा मार्चमध्ये कुचकामी ठरतात. कारणं ठरलेली आहेत. कापणी उशिरा होते, आग चुकीच्या बाजूने लावली जाते, आणि एकदा रेषा जाळली की तिच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. आणखी वाईट म्हणजे, काही ठिकाणी वणवा खुद्द रेषा जाळतानाच सुटतो.

हा लेख गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ, मेळघाट अशा पानझडी रानांच्या गावांसाठी आहे. ज्यांच्याकडे सामूहिक वनहक्काचं जंगल आहे किंवा जिथे संयुक्त वन व्यवस्थापन समिती काम करते, त्यांना तो थेट वापरता येईल. सह्याद्रीच्या गवताळ उतारांवरही क्रम हाच राहतो, फक्त तिथे वारा आणि चढ यांचा विचार दुपटीने करावा लागतो.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. जोराच्या वाऱ्यावर आलेला वणवा रिकामी रेषा एकटी अडवू शकत नाही. रेषेमुळे आगीचा जोर मोडतो आणि माणसांना उभं राहून फांद्यांनी आग झोडपायला जागा मिळते. म्हणून रेषा अशी हवी, की तिच्यावर माणूस निर्धास्त उभा राहील.

## १. काडी लावण्याआधी कागद

भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे राखीव वनात आग लावणं हा गुन्हा आहे (कलम २६), आणि संरक्षित वनासाठी कलम ३३ आहे. अभयारण्यात आग लावायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० ने मनाई आहे. अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत जाळण्याचं काम फक्त वनविभागाचं. गावाने तिथे मदतीला जावं, स्वतःहून काही पेटवू नये.

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनक्षेत्राचं संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. त्याचा अर्थ कोणीही उठून रान पेटवावं असा होत नाही. त्यामुळे हे चार कागद हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका:

- ग्रामसभेचा ठराव. त्यात कक्ष क्रमांक (वनविभागाने जंगलाच्या भागाला दिलेला क्रमांक), रेषेची लांबी-रुंदी, जाळण्याच्या संभाव्य तारखा आणि जबाबदार माणसाचं नाव असावं.
- वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला दिलेलं पत्र आणि त्याची पोच. जाळण्याच्या दिवशी बीटचा, म्हणजे त्या भागाचा, वनरक्षक जागेवर हजर राहील, हे पत्रातच मागा.
- लगतच्या शेतकऱ्यांना दिलेल्या सूचनेवर त्यांच्या सह्या. धानाची तणीस, कापसाच्या पऱ्हाट्या, ठिबकच्या नळ्या कुठे आहेत हे याच वेळी विचारून घ्या. प्लास्टिकच्या नळ्या नुसत्या झळीनेही वितळतात आणि मग भरपाईवरून वर्षभर भांडण चालतं.
- हाताने काढलेला का होईना, नकाशा. त्यावर पाणी, वाटा, विजेच्या तारा आणि पोकळ मोठी झाडं दाखवलेली असावीत.

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो. रेषा १५ फेब्रुवारीच्या आत पूर्ण व्हायला हवी. जाळणं शक्यतो जानेवारीतच उरकावं. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून ठराव ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच घ्या.

## २. रेषा कुठून न्यायची

नकाशावर सरळ पट्टी ओढून रेषा ठरवू नका, आधी चालून या. नाला, बैलगाडीची वाट, खडकाळ पट्टा, भातखाचर, तलावाची पाळ हे सगळे आयते अडथळे आहेत. रेषा त्यांना जोडत नेली तर निम्मं कापकाम वाचतं.

आग कुठून येते हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना ते नेमकं ठाऊक असतं. शेताचे धुरे जाळताना आग रानात शिरते. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली पालापाचोळा पेटवतात. तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून काही जण आग लावतात. रस्त्याच्या कडेला विडीची थोटकं पडतात. पहिली रेषा या चार जागा आणि जंगल यांच्या मधे हवी. रानाच्या आत खोलवर आखलेली सुंदर रेषा नंतर काढली तरी चालेल.

डोंगरावर रेषा माथ्याच्या किंचित पलीकडे, म्हणजे आग जिकडून येणार त्याच्या विरुद्ध उतारावर ठेवा. उताराच्या मधोमध आडवी रेषा काढली तर खालून येणारी आग तिला सहज ओलांडते. वरच्या उतारावरून पेटलेलं लाकूड किंवा शेणी गडगडत खाली येते, तिलाही अशी रेषा अडवत नाही.

तपासा: रेषेचं एक टोक तरी 'हवेत' सुटलेलं नाही ना? दोन्ही टोकं पाणी, पक्का रस्ता किंवा नांगरलेलं शेत यांना भिडली पाहिजेत. टोक सुटलं की आग वळसा घालून येते.

## ३. रुंदी गवत पाहून ठरवा

वनविभागाच्या जुन्या रेषांची रुंदी कार्य आयोजनेत (जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्यात) ठरलेली असते, तिथे तीच पाळा. गावाने नवी रेषा काढताना हा अंदाज धरावा: सपाटीवर गुडघाभर गवत असेल तर ३ मीटर, कमरेएवढं असेल तर ६ मीटर, आणि डोक्याएवढं गवत, बांबू किंवा चढ असेल तर १० ते १२ मीटर.

माणसं कमी म्हणून सगळीकडे ३ मीटरची रेषा काढण्याचा मोह होतो. डोक्याएवढ्या कुसळीत ती पूर्ण वाया जाते. वाऱ्याने वाकलेली ज्वाळ तेवढं अंतर एका झेपेत पार करते. लांब आणि अरुंद रेषेपेक्षा धोक्याच्या जागी आखूड पण रुंद रेषा काढा.

## ४. काठपट्ट्या: खरं काम इथे आहे

या टप्प्यावर थोडं थांबून वाचा, कारण आग सुटते ती इथल्या हयगयीमुळेच.

जी रेषा जाळायची आहे तिच्या दोन्ही कडांनी आधी एक-एक अरुंद पट्टी पूर्ण साफ करायची असते. तिची रुंदी किमान १ मीटर, उंच गवतात दीड ते दोन मीटर. या दोन काठपट्ट्यांच्या मधलं गवत नंतर जाळलं जातं. म्हणजे आग दोन उघड्या पट्ट्यांमधे कोंडलेली राहते. काठपट्टी नसेल तर तुम्ही रेषा जाळत नाही, रान पेटवता.

कापणी नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरू करा. धानाची कापणी-मळणी त्याच वेळी असते, घरोघरी माणसं अडकलेली असतात आणि काम हमखास पुढे ढकललं जातं. पण डिसेंबर उलटला की गवताच्या काड्या कडक होतात, विळा घसरतो, कुसळं अंगाला टोचतात आणि मजूर वैतागून वरवर कापतात. कोवळेपणा थोडा शिल्लक असताना तेच गवत अर्ध्या वेळात निघतं.

कापण्याची पद्धत अशी:

1. विळ्याने गवत बुडाशी कापा. चार बोटं उंचीचा बुडखा ठेवला तर आग त्या बुडख्यांवरून रांगत पलीकडे जाते.
2. कापलेलं गवत काठपट्टीवरून उचलून रेषेच्या आत टाका. बाहेर, रानाच्या बाजूला, कधीही टाकू नका. बाहेर टाकलेल्या गवताची दोन महिन्यांत वाळून वात तयार होते, आणि तीही नेमकी जिथे आग अडवायची तिथे.
3. दाताळ्याने पाचोळा ओढा. त्याखाली मुळांची जाळी आणि अर्धवट कुजलेल्या पानांचा थर असतो. तोही फावड्याने खरवडून माती उघडी करा. कोरड्या थरात आग धूर न दाखवता सरकते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काठपट्टीच्या पलीकडे वर येते.
4. काठपट्टीवर आडवी पडलेली लाकडं आणि बांबू बाजूला ओढा. अर्धं आत, अर्धं बाहेर पडलेलं खोड म्हणजे आगीसाठी पूल. ते तोडून दोन भाग वेगळे करा किंवा अख्खं आत ओढा.

हे झाल्यावर वाकून काठपट्टीचा हातभर तुकडा जवळून बघा. तिथे फक्त माती, खडे आणि कापलेल्या गवताची तुटकी मुळं दिसायला हवीत. एखादी वाळकी काडी माती ओलांडून पलीकडच्या गवताला टेकलेली असेल तर ती उचला. हे चिकाटीचं काम आहे आणि ते दमलेल्या मजुरावर सोडायचं नसतं. नायकाने, म्हणजे कामाच्या म्होरक्याने, संपूर्ण काठपट्टी स्वतः चालून बघावी.

इशारा: लगतच्या रानात घाणेरी किंवा रानमोडी माजलेली असेल तर काठपट्टीपासून तिच्या फांद्या मागे छाटा. या झुडपांवरून जमिनीवरची आग वर चढते आणि ठिणग्या उडतात.

## ५. मधला भाग आणि झाडं

दोन काठपट्ट्यांमधलं उंच गवत कापून तिथेच आडवं पसरून ठेवा. पसरलेलं गवत ठेंगणी, हळू चालणारी आग देतं. ढीग मात्र करू नका. ढिगाची धग झाडांची साल भाजते आणि ढीग तासन् तास धुमसतो.

मोह, चार (चारोळीचं झाड), आवळा, बेहडा, तेंदू असं कुठलंही जपायचं झाड रेषेत असेल तर बुंध्याभोवती दीड मीटरचं आळं साफ करा. आळं गोल आणि पूर्ण हवं.

वाळकी उभी खोडं आणि पोकळ झाडं यांच्यावर वेगळी खूण करा. पोकळ झाडात आग शिरली की आतून ओढ लागते आणि वरच्या भोकातून ठिणग्यांचा फवारा सुटतो. असं झाड काठपट्टीजवळ असेल तर रेषाच थोडी वळवा. वाळक्या बांबूचं बेटही असंच टाळावं. पेरं फुटून पेटलेले तुकडे लांब उडतात.

पोकळ खोडाला, वारुळाच्या भोकाला किंवा बिळाला आग लावू नका. घोरपड, साप, साळिंदर, मुंगूस यांची ती घरं असतात. जाळण्याच्या दिवशी सकाळी रेषेतून एक माणूस काठी आपटत चालवा, म्हणजे ससे, लावे, तितर निघून जातील. गवतात दबून बसलेलं चितळाचं किंवा भेकराचं पाडस दिसलं तर हात लावू नका. तेवढा तुकडा त्या दिवशी सोडून द्या. आई जवळपासच असते.

## ६. माणसं आणि साहित्य

एका वेळी अर्धा किलोमीटरपेक्षा जास्त रेषा जाळायला घेऊ नका. त्यासाठी माझ्या मते बारा माणसं तरी हवीत: एक नायक, दोन काडी लावणारे, सहा झोडपणारे, दोन पाठीवरच्या पंपाचे आणि एक उंच जागी नुसता पहारा करणारा. पहारेकऱ्याने आगीकडे बघायचं नसतं. त्याची नजर काठपट्टीच्या बाहेरच्या रानावर हवी. झोडपणाऱ्या सगळ्यांचं लक्ष ज्वाळांकडे असतं, त्यामुळे पाठीमागे पडलेली ठिणगी त्यांना दिसत नाही.

साहित्यात हिरव्या पाल्याच्या जाड फांद्या (एका माणसामागे दोन), दाताळी, फावडी, कुऱ्हाड, पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि साध्या पाण्याने भरलेले फवारणी पंप घ्या. पंप आधी तीन वेळा धुवा. त्यात राहिलेलं तणनाशक किंवा कीटकनाशक धुराबरोबर नाकात जातं. वनविभागाचा ब्लोअर (हवेच्या झोताने पाचोळा उडवणारं यंत्र) मिळाला तर उत्तम, पण तो पेटत्या आगीत कसा वापरायचा हे माहीत असलेल्या माणसाच्याच हाती द्या. चुकीच्या कोनातून मारलेली हवा आग विझवत नाही, ठिणग्या पलीकडे फेकते.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. नायलॉनचं टी-शर्ट आणि ट्रॅकपँट घालून आलेल्या पोराला घरी पाठवा, कारण ते कापड वितळून कातडीला चिकटतं. पायात बूट, चप्पल नको. नाका-तोंडावर ओला सुती पंचा. दारू प्यायलेला माणूस रेषेवर नको, मग तो कोणीही असो.

तपासा: धोका झाला तर कुठे पळायचं हे प्रत्येकाला तोंडपाठ आहे का? उत्तर एकच: जळून काळी झालेली जागा. न जळलेल्या गवतातून किंवा चढाकडे पळायचं नाही.

## ७. दिवस आणि वेळ

रेषेतलं गवत वाळलेलं आणि आजूबाजूच्या रानात अजून ओल, हा तो दिवस. पानझडी रानात अशी वेळ साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत मिळते. फेब्रुवारीत आतलं-बाहेरचं सगळंच सारखं कोरडं होतं. तेव्हा जाळण्याचा हट्ट सोडा आणि नुसती कापून-झाडून रेषा उघडी करा.

गवत तयार आहे का, हे मुठीत कळतं. रेषेतल्या काड्यांची मूठ पिळा. कडकन मोडल्या तर वाळल्या, नुसत्या वाकल्या तर आणखी थांबा. मग काठपट्टीबाहेरच्या गवताची मूठ पिळा. तीही तशीच कडकन मोडली तर आज जाळायचं नाही.

वारा मोजायला यंत्र नसलं तरी अडत नाही. चेहऱ्याला वारा जाणवतो आणि पानं सळसळतात, पण धूळ उठत नाही, एवढा वारा योग्य. वाळलेली पानं आणि धूळ उडू लागली, लहान फांद्या हलू लागल्या की काम बंद. अगदी पडलेला वाराही चांगला नाही. तेव्हा धूर माणसांवरच बसतो आणि वारा कुठल्याही बाजूने अचानक उठू शकतो.

दुपारी दोन ते चार हवा सर्वांत कोरडी असते, ती वेळ पूर्ण टाळा. दोन पर्याय उरतात. दुपारी चारनंतर सुरुवात केली तर हवा हळूहळू ओलावत जाते आणि चुकलेली आगही मंदावते, म्हणून आगीच्या हिशेबाने संध्याकाळच बरी. पण ताडोबाच्या आसपास, ब्रह्मपुरीकडे किंवा जिथे वाघ-बिबट्या-अस्वलाचा वावर आहे, तिथे अंधारात माणसं रानात ठेवणं परवडणारं नाही. अशा ठिकाणी दव सुकल्यावर, नऊच्या सुमारास सुरू करा, तुकडा लहान घ्या आणि साडेअकराच्या आत शेवटची आग विझवा. सकाळच्या कामात हवा दर तासाला तुमच्या विरुद्ध जात असते. 'अजून थोडंच राहिलंय' म्हणून दुपारपर्यंत रेटू नका.

## ८. आग लावण्याचा क्रम

आधी दोन पावलं लांब-रुंद कोपरा पेटवून बघा. धूर ज्या दिशेला जाईल असं वाटलं होतं त्याच दिशेला जातोय का? ज्वाळ गुडघ्याच्या खाली आहे का? दोन्हीचं उत्तर होय असेल तरच पुढे.

1. वारा जिकडे जातो त्या काठावरून सुरुवात. वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहत असेल तर पूर्वेच्या काठपट्टीच्या आतल्या कडेला काडी लावा. आता आगीला वाऱ्याच्या विरुद्ध सरकावं लागतं. ती ठेंगणी राहते, हळू जाते आणि मागे काळी पट्टी सोडते. बहुतेक जण नेमकं उलट करतात, वारा पाठीवर घेऊन पेटवतात, कारण पटकन जळतं. तीच आग मग पूर्वेची काठपट्टी ओलांडते.
2. एका वेळी पंधरा-वीस पावलं. तेवढा तुकडा जळून रेषेच्या रुंदीचा निदान तिसरा हिस्सा काळा झाला की पुढचा तुकडा. काडी लावणारे पुढे आणि झोडपणारे मागे राहिले, असं अंतर पडता कामा नये. त्यांचा वेग नायक ठरवतो.
3. मग वाऱ्याकडचा काठ. काळी पट्टी पुरेशी रुंद झाल्यावरच पश्चिमेच्या काठाला आतून आग लावा. ती जोरात धावेल, पण जळालेल्या पट्टीला भिडून आपोआप बसेल.
4. उतारावर नेहमी वरून खाली. चढाकडे जाणाऱ्या आगीचा वेग उतार दर दहा अंशांनी वाढला की साधारण दुप्पट होतो. वरचं टोक आधी काळं करा आणि खाली सरकत या. दिवसा वारा दरीतून वर चढतो आणि सूर्य मावळल्यावर खाली उतरू लागतो. संध्याकाळच्या कामात ही पालट ध्यानात ठेवा. पेटत्या भागाच्या वरच्या उतारावर कोणीही उभं राहायचं नाही.

झोडपताना फांदी उंच उचलून आपटली तर ठिणग्या उडतात. ती ज्वाळेच्या बुडाशी दाबून, जळालेल्या बाजूकडे ओढत न्यायची.

आग काठपट्टी ओलांडून गेली तर पेटवणं तत्काळ थांबवा. सगळ्यांनी एकाच वेळी तिकडे धावू नये. निम्मी माणसं सुटलेल्या आगीवर, निम्मी मूळ रेषेवर. सुटलेल्या आगीला समोरून भिडू नका. तिच्या शेपटाकडून, म्हणजे जिथून ती सुटली तिथून, दोन्ही कडांनी दाबत पुढे जा. पाच-दहा मिनिटांत ती आटोक्यात येत नसेल तर वनरक्षकाला सांगा, १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर फोन करा आणि माणसं मागे घ्या.

कोणी भाजलं तर जखमेवर वीस मिनिटं साधं थंड पाणी धरा. टूथपेस्ट, तेल, शाई काही लावायचं नाही. १०८ ला फोन करा.

इशारा: विजेच्या तारांखाली जाळू नका. दाट धूर आणि काजळीतून वीज खाली झेपावू शकते. तेवढा भाग नुसता कापून साफ करा.

## ९. विझवणी

ज्वाळा गेल्या की लोक घरी निघतात. निघू नका. काठपट्टीपासून आत दहा पावलांपर्यंत धुमसणारं काहीही शिल्लक नको. शेणी उलटून विझवा, खोडांवर पाणी मारून माती टाका, बुडखे फावड्याने उकरून बघा. हाताची मागची बाजू राखेजवळ नेली की धग कळते. तळवा टेकवू नका.

शेवटचा धूर दिसल्यानंतर दोन माणसांनी दोन तास तिथेच थांबावं. दुसऱ्या दिवशी एक फेरी सकाळी आणि एक भर दुपारी मारा. दुपारची फेरी जास्त महत्त्वाची आहे, कारण रात्रभर झोपलेली आग दुपारच्या वाऱ्याने उठते.

भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांवरून आगीच्या सूचना मोबाईलवर विनामूल्य पाठवते. समितीच्या दोन-तीन जणांचे क्रमांक तिथे नोंदवून ठेवा. तुमची स्वतःची रेषा जाळतानाही अशी सूचना जाऊ शकते, म्हणून तारीख आणि वेळ वनरक्षकाला आधी कळवा, नाहीतर विनाकारण धावपळ होते. आणि उपग्रह दिवसातून ठराविक वेळीच डोक्यावरून जातो. मधल्या तासांत लागलेली आग त्याला उशिरा दिसते, त्यामुळे फोनच्या भरवशावर पहारा बंद करू नका.

## १०. झाडलोट, थेट पावसापर्यंत

जानेवारीत नीट जाळलेली रेषा मार्चमध्ये निकामी का होते? सागाची पानं. पानगळ जानेवारीअखेर सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. काळी, स्वच्छ रेषा तीन-चार आठवड्यांत तपकिरी पानांनी झाकली जाते. सागाचं मोठं, कोरडं पान वाऱ्याने पेटतं उडतं. अशी रेषा नसल्यात जमा.

फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत दर दहा-पंधरा दिवसांनी रेषा झाडा. वादळी वाऱ्यानंतर लगेच झाडा. ब्लोअरने काम झटपट होतं, दाताळ्यानेही होतं. पानं काठावर रांगेने लोटून ठेवू नका, त्याचाच जळणाचा बांध तयार होतो. ती रानात आत पातळ पसरून टाका.

झाडणीच्या पाळ्या कुटुंबनिहाय लावा आणि यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवा. मोह पडू लागला की घरटी एक माणूस पहाटेपासून रानात असतोच, त्या दिवसांत पाळ्या झाडांच्या वाटणीप्रमाणे लावता येतात. मोहाखाली आग न लावता आळं झाडून घ्या किंवा जाळी अंथरा. फुलंही स्वच्छ मिळतात. तेंदूसाठी खुटकटाई (झुडपं बुडाशी छाटणं) वेळेवर झाली तर आग न लावताही चांगली पानं फुटतात, हे ठेकेदाराच्या माणसांना ग्रामसभेतच स्पष्ट सांगा.

## हरणांसाठी गवत जाळायचं असेल तर

हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. अमेरिकेत खाजगी शिकारीच्या जमिनींवर हरणांसाठी आखून आग लावतात, त्याचे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही 'कुरण जाळू, चितळं येतील' असं बोललं जातं. तिथला झाडोरा, हवामान आणि कायदे वेगळे आहेत. इथे शिकारीला वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बंदी आहे. आणि आगीचा फायदा तिथेही मिळतो तो आखणीमुळे.

जाळल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवे कोंब येतात आणि चितळ, नीलगाय त्यावर येतात, हे खरं. पण ते कोंब बहुवर्षायू गवताने मुळांत साठवलेल्या अन्नावर फुटतात, पाऊस अजून दूर असतो. त्याच कोंबांवर लगेच गुरं सोडली तर पवना, शेडा, मारवेल अशी चांगली गवतं खचतात आणि त्यांच्या जागी तरोटा, रानतुळस, निकस कुसळी येते. दरवर्षी अख्खा माळ जाळणाऱ्या गावांत हे उघड दिसतं.

म्हणून जाळायचंच असेल तर वनविभागाच्या लेखी संमतीने आणि फक्त गवताळ मोकळ्या जागेत, जिथे रोपटी उभी राहत नाहीत अशा ठिकाणी. कुरणाचे तीन तुकडे करा. एका वर्षी एकच तुकडा जाळा, दोन तसेच राहू द्या. उभं गवत पाडसांना लपायला आणि पक्ष्यांना घरट्यासाठी लागतं, तेवढंच कोवळं गवत खायला लागतं. प्रत्येक तुकड्याभोवती वरच्या सगळ्या टप्प्यांनी जाळरेषा आधी पूर्ण करा, आणि तुकडा जानेवारी संपायच्या आत जाळा. मार्चपासून रातव्यासारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी घरटी करू लागतात, तेव्हा आग नको.

जळालेल्या तुकड्यावर पावसाळा संपेपर्यंत गुरं सोडू नका. ग्रामसभेला हे जमणार नसेल तर तुकडा जाळूच नका, गवत कापून न्या. ऑक्टोबरमध्ये तिन्ही तुकड्यांत चार-चार ठिकाणी मीटरभर चौकोन आखून कोणतं गवत किती आहे ते वहीत लिहा, जमल्यास त्याच जागेचा फोटो काढा. जळालेल्या चौकोनांत तरोटा आणि रानतुळस वाढलेली दिसली तर त्या तुकड्याला पुढची तीन वर्षं आग दाखवायची नाही, तण फुलायच्या आत उपटायचं.